दमा असलेला धावपटू मुलगा: फ्लूनंतर मैदानावर कधी पाठवू?

मानपाड्याची आई:
मुलगा १६ वर्षांचा, ८०० मीटर धावतो. रोज पहाटे दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सराव. लहानपणापासून बालदमा आहे, पण गेली तीन वर्षं इतका आटोक्यात होता की आम्ही जवळजवळ विसरलोच होतो. आता फ्लू झाला, पाच दिवस १०२ ताप. ताप उतरून आज आठवा दिवस, आणि येत्या रविवारी निवड चाचणी आहे.

तो उठायच्या आधी मी उशाशी बसून नाडी मोजते. एरवी ५६-५८ असते. काल ७८ होती, आज ७६. आमची लिफ्ट बंद आहे. काल दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. विचारलं तर म्हणे, "लेस सुटली." लेस बांधलेलीच होती.

मग त्याच्या स्पाइक्सच्या पिशवीत रोजचा पंप सापडला. मागे उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा ९४, रोज दोन घ्यायचे असतात. महिन्यापूर्वी मीच पाहिला होता तेव्हा ९६ होता. म्हणजे महिनाभरात एकच दिवस घेतलाय! का, तर "पंप दिसला की सरांना वाटेल याच्यात दम नाही." मला ओरडवलं नाही, रडूच आलं. रविवारी पाठवू का?

नेरुळचा बाबा:
ताई, पाठवू नका. माझी मुलगी पोहते. तिला दमाबिमा काही नाही. साधा ताप आला, उतरला, चौथ्या दिवशी ती पाण्यात. तिसऱ्या लॅपला छातीत दुखलं आणि काठावर येऊन कोसळली. आधी जिथे नेलं तिथे "अशक्तपणा आहे, ओआरएस द्या" म्हणून घरी पाठवलं. दुसरीकडे ईसीजी काढला तेव्हा कळलं, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. मायोकार्डायटिस. सहा महिने पोहणं बंद. आता पोहते, पण ते सहा महिने मी झोपलेलो नाही.

वाशीतील फिजिशियन:
वाढलेली नाडी आणि जिन्यात लागणारा दम, दोन्ही मनावर घ्या. दम्यामुळे असेल किंवा हृदयामुळे, घरी बसून ठरवता येणार नाही. उद्याच दाखवा. ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं), गरज वाटली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर उद्याचीही वाट बघू नका.

पंपाबद्दल मुलाला माझ्याकडून सांगा: त्यातलं स्टेरॉइड दंड फुगवणारं नव्हे, श्वासनलिकेची सूज उतरवणारं आहे. पंपातून घ्यायचं हे औषध डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत खेळाडूंना चालतं. सूज तशीच राहिलेल्या नळ्यांत फ्लू शिरला की दमा उसळतो. बरा झाला की फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी.

मार्च २०२० मध्ये स्पेनमधल्या मालागाचा २१ वर्षांचा फुटबॉल प्रशिक्षक फ्रान्सिस्को गार्सिया कोरोनाने गेला. ल्युकेमिया असल्याचं रुग्णालयात गेल्यावर कळलं, असं तेव्हा बातम्यांत होतं. त्याला आजार माहीतच नव्हता. तुमच्या मुलाचा आजार माहीत आहे, फक्त मैदानावर माहीत नाही. सरांना सांगा.

मानपाड्याची आई:
दोघांचे मनापासून आभार. दाखवून आले. ईसीजी, ट्रोपोनिन नीट आहे. फुंकायच्या मीटरवर मात्र फुप्फुसाची ताकद बरीच कमी निघाली, दमाच उसळलाय. रविवारची चाचणी सोडली. घरी दोन दिवस अबोला होता.

सरांना मीच फोन केला. ते म्हणाले, "तीन वर्षांत मला कुणी सांगितलं का नाही?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. आता एक जादा तातडीचा पंप त्यांच्या शिट्टीच्या पाऊचमध्ये असतो.

रोजचा पंप पुन्हा सुरू करून आज पाचवा दिवस. पंपाचा आकडा ८४, नाडी ६६. दुपारी जिन्यात पुन्हा थांबला, कठडा धरला आणि म्हणाला, "आई, थांब जरा, दम लागलाय."