उ: मालवणातली जुनी एमजीबी – आधी दारांखालची सिल बघा

मालवणातली जुनी उघडी एमजीबी (ब्रिटिश एमजी कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार) घेण्याआधी काय बघावं, असा प्रश्न आहे. वरच्या प्रतिसादांत सगळे इंजिनाबद्दलच बोलतायत. १७९८ सीसीचं ते इंजिन साधं आहे, कुठेही उघडता येतं. मालवणात खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या गाडीची खरी भीती पत्र्याची. उघड्या एमजीबीला वेगळी चेसिस (खालची लोखंडी चौकट) नाही आणि वर पक्का टपही नाही, त्यामुळे सगळा भार दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्यांवर येतो. सिल आतून तीन थरांची. बाहेरचा पत्रा बदलून रंग मारला की आतला गंज झाकला जातो.

मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी. मग जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून पुन्हा लावा. अडकलं किंवा फट बदलली, तर सिल गेलेली. कार्पेट उचलून खालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघाच. पाणी जायची भोकं रंगाने बुजवलेली असतात. मग चार महिने पाणी आतच!

पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. ढिलं वाटलं तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. तरीही हललं तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) झिजलेला. थांबलं तर नुसतं बेअरिंग. किंगपिनला दर बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात, ते कोरडे दिसले तर समजून जा.

हुडाचं, म्हणजे वरच्या घडीच्या छताचं, कापड फाटलेलं असेल तर भाव पाडा, पण त्यासाठी गाडी सोडू नका. आणि १९६७ पूर्वीची असेल तर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, सवयीने उलटं जोडाल.