मदत हवी आहे : संघटना काढल्यावर सहकाऱ्याला आरोपपत्र, सूडाचा हेतू सिद्ध कसा करावा?

नमस्कार.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातू ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे भरण्याच्या विभागात कायम कामगार आहे. आम्ही संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज दिला, ही बातमी व्यवस्थापनापर्यंत पोहोचली आणि त्याच महिन्यात अर्जावर पहिली सही असलेल्या आमच्या सहकाऱ्याला आरोपपत्र देऊन निलंबित करण्यात आले.

आरोपपत्रात संघटनेचे नावही नाही. वाळूतील ओलावा न पाहता साचे भरल्यामुळे कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो-होल, म्हणजे वायूमुळे होणारी छिद्रे, पडून माल रिजेक्ट झाला, एवढाच ठपका आहे. वास्तविक हा ओलावा सँड प्लांटची प्रयोगशाळा दर पाळीला तपासते व तेथील रजिस्टरवर तपासणाऱ्याची सही असते; मोल्डरकडे ते काम कधीच नव्हते. त्या पाळीत तीच वाळू वापरणाऱ्या इतर कोणालाही साधी तोंडी समजसुद्धा मिळालेली नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे.

दरम्यान, बाकीच्यांना एकेकटे केबिनमध्ये बोलावून ‘माझा संघटनेशी संबंध नाही’ अशा टाइप केलेल्या कागदावर सह्या घेतल्या जात आहेत. ज्यांच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत त्यांनी सह्या केल्या. त्यांना दोष देणे मला पटत नाही.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघांना मान्यता व अनुचित श्रम प्रथा प्रतिबंध कायद्यानुसार संघटना करण्यापासून कामगारांना धाकाने रोखणे ही अनुचित श्रम प्रथा ठरते आणि तिची तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. खातेअंतर्गत चौकशी चालू असतानाच औद्योगिक न्यायालयात जाऊन अंतरिम आदेश मागावा, की बडतर्फीनंतर कामगार न्यायालयात दाद मागावी? थांबल्यास सह्यांच्या प्रकाराची मुदत निघून जाईल, अशी मला भीती वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यावर अशी तक्रार कोणत्या कायद्याखाली दाखल करून घेतली जात आहे, हेही कृपया सांगावे.

ओलाव्याचे रजिस्टर सादर करण्याची लेखी मागणी चौकशी अधिकाऱ्यांनी नाकारली, तर त्या नकाराचा पुढे न्यायालयात उपयोग होतो का? सही केलेले कामगार उद्या साक्षीला उभे राहिले, तर तो कागद त्यांच्या विरोधात कितपत धरला जातो? कोल्हापूर किंवा इचलकरंजीत असे प्रकरण लढवलेल्या कामगारांनी अथवा वकिलांनी अनुभवावरून मार्गदर्शन करावे, ही विनंती. चौकशीची पुढील तारीख याच महिन्यात आहे.