मदत हवी आहे: चावी विमानात, गाडी चालू. बंद करू की नको?

निपाणीचा_पाहुणा · दुपारी ४:५२
अर्जंट आहे. बटणाची गाडी. चावी दाजींच्या खिशात राहिली आणि दाजी बेळगावला विमानात बसले. गाडी चालू आहे. बंद केली तर परत चालू होईल का? डायलवर चावीचं चिन्ह लाल होऊन टुंग टुंग चाललंय. ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगा, अंदाजपंचे नको.

खानापूरकर · ४:५५
बंद करू नका. आधी एवढंच वाचा, बाकीचं मागून. आता सांगा: गाडी कुठली, पेट्रोल की डिझेल, ऑटोमॅटिक की गिअरची, उभे कुठे आहात आणि दुसरी चावी कुठे आहे?

निपाणीचा_पाहुणा · ४:५८
संकेश्वरच्या अलीकडे, हायवेला एका हॉटेलसमोर. आईला चहा पाहिजे होता म्हणून थांबलो. बटणाकडे बोट गेलं आणि डायल दिसला. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही हो, सगळ्यांची बटणं सारखीच.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:०१
सारखी नसतात. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक सगळीकडे एकच आहे: बंद केली की संपलं. बटण दाबल्यावर गाडी चावीला हाक मारते, १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि ती हाक मीटर-दीड मीटरच्या पलीकडे जात नाही. चावी ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. ओ आली तरच इंजिन लागतं. तुमची ओ आत्ता ढगात आहे.
डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक असेल. काढा आणि चावीचं प्रकरण वाचा. मॉडेलप्रमाणे फरक असतो.

निपाणीचा_पाहुणा · ५:०३
पुस्तक वाचत बसायला वेळ नाही हो. मला फक्त हो की नाही सांगा.

पुणेकर_पंत · ५:०४
माझी एकदा चावीशिवाय बंद होऊन लगेच चालू झाली होती. इतकं घाबरण्यासारखं काही नाही. आणि गावाचं अधिकृत नाव आता बेळगावी आहे.

खानापूरकर · ५:०५
पंत, चावी तुमच्या बायकोच्या पर्समध्ये असणार आणि बायको खिडकीला टेकून उभी असणार. त्या माणसाला उगाच धीर देऊ नका, हायवेला अडकून पडेल. आणि नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने बदललं, आमच्या तोंडात बेळगावच आहे.

तात्या_हुक्केरी · ५:०७
म्हणून मी माझी जुनी गाडी विकत नाही. पितळेची चावी, भोकात घाला, फिरवा. चावी गाडीत नसेल तर गाडी हलतच नाही, मग विसरणार कशी? बटणाची गाडी म्हणजे लिफ्ट झाली की ओ.

शहापूरची_सून · ५:०८
आमच्याकडे पण अस्संच झालंतं! मी भाजी आणायला गेलो, चावी ह्यांच्या खिशात. कपिलेश्वरापर्यंत गेलो तरी गाडी एक शब्द बोलली नाही. पण एक विचारते, अशी गाडी चोरीला जाते म्हणे, चावी घरात असली तरी. चावी चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायची का?

बिट_आणि_बाईट · ५:१०
ताई, हो. चोर दोघे येतात. एक घराच्या दाराजवळ उभा राहून गाडीची हाक पुढे पाठवतो, दुसरा गाडीजवळ. गाडीला वाटतं चावी शेजारीच आहे. कागद नीट, फट न ठेवता गुंडाळला तर चालतो, पत्र्याचा डबा झाकण लावून तपासून घ्या. आणि एकदा का चोराने इंजिन सुरू केलं की तो तुमच्या पाहुण्यासारखाच निवांत निघून जातो, चावी लागत नाही.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:१२
चोरांचा धागा वेगळा काढा की.
पाहुणे, राहिलेली माहिती द्या. तेल किती आहे?

निपाणीचा_पाहुणा · ५:१४
तोच तर घोळ आहे. पेट्रोल, ऑटोमॅटिक, २०२१ ची. काटा लाल रेघेवर. दाजी म्हणाले होते येताना भर. आता वीस किलोमीटर दाखवतंय आणि निपाणी अजून पंचवीस-तीस, मध्ये तवंदीचा घाट. पंपावर जाऊन आलो, तो पोरगा म्हणतो इंजिन बंद केल्याशिवाय नोझल उचलणार नाही.

खानापूरकर · ५:१५
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, गड्या.

चंदगडचा_वाघ · ५:१६
शंभराची नोट दाखवा, भरतोय की नाही बघा. चालू गाडीत मी कितीतरी वेळा भरलंय.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:१८
तुमची डिझेलची असेल. पेट्रोलची वाफ नोझलजवळच तरंगत असते, ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. पंपावरचा पोरगा बरोबर आहे. शिवाय आई गाडीत बसलेली आहे. हा सल्ला काढून टाका.

चंदगडचा_वाघ · ५:१९
काढत नाही. आजपर्यंत काही झालेलं नाही.

निपाणीचा_पाहुणा · ५:२१
मला एक कळत नाही. संकेश्वरच्या आधी ते सहापदरीचं काम आहे तिथे गर्दीत गाडी आपोआप बंद पडली आणि ब्रेक सोडल्यावर आपोआप चालू पण झाली. मग चावी कुठे लागली?

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:२४
चांगला प्रश्न, पण त्याच्यावर विसंबू नका. ते पेट्रोल वाचवायला इंजिन थोडा वेळ थांबवणं आहे, गाडी बंद करणं नव्हे. गाडीच्या हिशेबाने तुम्ही अजून चालूच आहात. मात्र तशी थांबलेली असताना तुम्ही पट्टा सोडून दार उघडलं तर कित्येक गाड्या पूर्ण बंद होतात. मग गेलं. डॅशबोर्डवर गोल बाणात ए लिहिलेलं बटण असेल, दाबून ती सोय आत्ताच बंद करा.

पुणेकर_पंत · ५:२५
म्हणजे मी म्हणत होतो तेच. लगेच चालू होते.

खानापूरकर · ५:२६
नाही हो पंत.

शिक्षक_चिकोडी · ५:२८
मुळात कंपनी अशी गाडी चालूच का राहू देते? चावी गेली की दोन मिनिटांत बंद पडायला हवी. साधी गोष्ट आहे.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:३१
गुरुजी, हत्तरगीचा टोल ओलांडून ऐंशीच्या वेगाने चाललाय आणि चावीतला सेल मेला, म्हणून इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपला, मागे ट्रक. कोण जबाबदार? म्हणून गाडी फक्त ओरडते. तेही बहुधा दार उघडून बंद झालं की शोधते तेव्हा. दाजी उतरले तेव्हा ओरडली असणार.

निपाणीचा_पाहुणा · ५:३३
ओरडली. सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत दाजी चालवत आले, इंजिन चालू ठेवूनच बॅग घेऊन उतरले, मी इकडून तिकडे सरकलो. टुंग टुंग झालं तर आई म्हणाली पट्ट्याचं असेल. मी पट्टा काढून परत लावला. थांबलं. आई आता म्हणते मी तसं म्हणालेच नव्हते.

तात्या_हुक्केरी · ५:३४
आई बरोबर असते.

अण्णा_गडहिंग्लज · ५:३६
संकेश्वरात आहात तर मिरची बघून या. ह्या दिवसांत माल चांगला येतोय.

शहापूरची_सून · ५:३७
चटणीला संकेश्वरीच. ब्याडगी नुसती रंगाला, तिखटाच्या नावाने बोंब.

बिट_आणि_बाईट · ५:३८
ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बोंब कसली?

अण्णा_गडहिंग्लज · ५:३९
मानांकन घालून चटणी करा मग.

खानापूरकर · ५:४०
अहो, माणूस अडकलाय!!
पाहुणे, दुसरी चावी? दुसऱ्यांदा विचारतोय. गाडी घेताना दोन मिळतात.

निपाणीचा_पाहुणा · ५:४३
गाडी माझी नाही, दाजींची. सांगायचं राहिलं. ताईला फोन केला, ती म्हणते कपाटात नाही, लॉकरमध्ये नाही, त्यांनाच माहीत. आणि ते बंगळूरला उतरेपर्यंत फोन बंद. इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तर किती पेट्रोल जातं?

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:४५
एसी लावून तासाला लिटरभर धरा. एसी बंद करा, काचा खाली घ्या.

निवृत्त_हवालदार · ५:४८
चावी हरवल्यास प्रथम पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. तिची प्रत, आरसी व ओळखपत्र घेऊन शोरूमला जावे. विमा कंपनीसही कळवावे. गाडी चोरीला गेल्यास क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

निपाणीचा_पाहुणा · ५:४९
साहेब, हरवलेली नाही. कुठे आहे ते माहीत आहे. तीस हजार फुटांवर.

शिक्षक_चिकोडी · ५:५१
१०३३ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे. क्रेन मिळेल.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ५:५३
क्रेन आली तर ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढू देऊ नका, पूर्ण उचलून प्लॅटफॉर्मवर घ्यायला सांगा. नाहीतर गिअरबॉक्सचा खर्च चावीच्या दसपट.

निपाणीचा_पाहुणा · ६:०४
दाजी उतरले. फोन लागला. पहिल्यांदा पाच मिनिटं हसले.
दुसरी चावी गाडीतच आहे म्हणतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात, पुस्तकाच्या पाकिटात, शोरूमने दिली तशी प्लॅस्टिकमध्ये. काढली. हातात आहे. पण डायलवरचं लाल चिन्ह जात नाही!

गॅरेजवाला_उद्यमबाग · ६:०६
मी ५:०१ ला काय लिहिलं होतं?
असो. तिचा सेल मेलाय. गाडीत पडून राहिली की गाडीच्या हाका ऐकून ऐकून सेल लवकर खलास होतो. मेला नसता तर तुमच्या डायलने तोंडच उघडलं नसतं.

पुणेकर_पंत · ६:०७
मेली असली तरी ती चावी बटणाला टेकवून बटण दाबलं की चालू होते. बंद करा आणि करून बघा.

गॅरेजवाला_उद्यमबाग · ६:०९
पंत ह्या वेळी बरोबर आहेत. आत बिनसेलची एक चिप असते, बटणाजवळ धरली की गाडी तिलाच वीज पुरवते. पण काही गाड्यांत टेकवायची जागा दुसरी असते, आणि ही चावी कधी वापरलेलीच नाही. प्रयोग कशाला? इंजिन चालू आहे तोवर नवा सेल घाला. सीआर २०३२, चपटा, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडे मिळेल. मग दार एकदा उघडून बंद करा. चिन्ह गेलं तर समजा गाडीने ओळखलं. त्यानंतरच बंद करा. गाडी पी वर, हँडब्रेक ओढून, आईला मागेच बसवा.

निवृत्त_हवालदार · ६:११
चावी गाडीतच ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. चोरी झाली असती तर क्लेमच्या वेळी काय सांगितले असते?

निपाणीचा_पाहुणा · ६:१२
ते दाजींना सांगतो. आवडीने सांगतो.

निपाणीचा_पाहुणा · ६:३८
गावात आलो. स्टँडजवळ घड्याळाचं दुकान सापडलं. तो म्हातारा सेल देईना, आधी चावी बघू म्हणाला. नखाने एक खाच शोधली, नाणं घालून पिळलं, कट्ट करून दोन तुकडे झाले, माझ्या पोटात गोळा. जुन्या सेलला हिरवट बुरशी आली होती, ती त्याने धोतराच्या सोग्याने पुसली. नवा सेल मी घातला तो उलटा. त्याने न बोलता काढून सुलटा घातला.
दार उघडलं, लावलं. टुंग नाही. चिन्ह गेलं.

खानापूरकर · ६:३९
बंद केली का?

निपाणीचा_पाहुणा · ६:४७
पंपावर नेऊन केली. बोट थरथरत होतं. बंद. ब्रेक दाबून परत बटण. चालू!! परत बंद केली, टाकी फुल. पंपाचा तोच पोरगा होता, म्हणाला बघा, होतंय की बंद.
सगळ्यांचे आभार. गॅरेजवाले, पुस्तकाचं ऐकलं असतं तर पाचलाच सुटलो असतो. बेळगावला आलो की कुंदा घेऊन येतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

चंदगडचा_वाघ · ६:४९
शंभराची नोट दाखवली असती तर अर्ध्या तासापूर्वी घरी असता.

अण्णा_गडहिंग्लज · ६:५२
मिरची घेतली का?

निपाणीचा_पाहुणा · ६:५५
आईने दोन किलो घेतली. मी सेल बदलत होतो तेव्हा, चालू गाडी सोडून.