‘वीर-झारा’: बावीस वर्षांचं मौन हा त्याग, की झारावरचा अन्याय?

नेरूळवासी

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये जुना हिंदी सिनेमा लावतात. या वेळी ‘वीर-झारा’ सुचवला गेला आणि ग्रुपवर वाद पेटला. एका गटाचं म्हणणं, सध्याच्या दिवसांत पाकिस्तानातल्या मुलीची प्रेमकथा नकोच. दुसरा गट म्हणतो, यश चोप्रांचा सिनेमा आहे, लतादीदींची गाणी आहेत, कसला वाद घालता? मला दोन्ही बाजू पटत नाहीत. सिनेमा जरूर लावा, पण त्याच्या गाभ्यातच जो अन्याय आहे त्यावर कोणीच का बोलत नाही?

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमा २००४ चा. लाहोरची झारा आपल्या दाईच्या, बेबेच्या अस्थी घेऊन घरच्यांना न सांगता भारतात येते. तिच्या बसला अपघात होतो आणि हवाई दलाचा वैमानिक वीर प्रताप सिंग तिला वाचवतो. पुढे तो नोकरी सोडून तिला आणायला लाहोरला जातो. झाराचे वडील राजकारणात, तिचं लग्न रझाशी ठरलेलं. वडील कोसळतात, आई विनवते, वीर परत जायला निघतो. रझा त्याला हेर म्हणून पकडवतो आणि तुरुंगात सौदा पुढे ठेवतो: ‘राजेश राठोड’ या नावानं सही कर, तर झाराचा संसार सुखाचा होईल. वीर सही करतो आणि बावीस वर्षं तोंड उघडत नाही.

ती तुरुंगातली खोली आठवून बघा. झाराच्या अख्ख्या आयुष्याचा निर्णय तिथे होतो आणि करणारे दोघंही पुरुष. त्याआधी आईनं वीरला ‘निघून जा’ म्हणून विनवलं, तेव्हाही झाराला कोणी विचारलं नव्हतं. वीर ज्या बसनं जाणार होता ती दरीत कोसळली, म्हणून तो मेला असं समजून ती जगते. रझाबरोबर तिचा संसार होत नाही. ती लाहोर सोडून वीरच्या गावी येते आणि तिथल्या मुलींची शाळा चालवते. म्हणजे ज्या सुखासाठी सही केली ते सुख तिला मिळालंच नाही, आणि वीरला त्याचा पत्ता नाही!

एकटी सीमा ओलांडून आलेली मुलगी आहे ही. तिला नुसतं कळलं असतं की तो जिवंत आहे, तर ती गप्प बसली असती का? त्या मौनानं रझाची आणि खानदानाची अब्रू राखली. झाराचं मात्र सगळं तारुण्य गेलं. आपण याला प्रेमाची परमावधी म्हणतो आणि रडून घरी जातो, हे मला खुपतं.

घोडबंदरकर

ताई, साफ असहमत. आजचे निकष १९८२ च्या लाहोरला लावू नका. बड्या राजकारण्याच्या मुलीचं नाव एका हिंदुस्तानी कैद्याशी भर कोर्टात जोडलं गेलं असतं, तर त्या घराची काय गत झाली असती? वीरच्या हातात फक्त स्वतःचं नाव उरलं होतं. फौजेतल्या माणसाला नाव आणि हुद्दा यापलीकडे काय असतं? तेच त्यानं देऊन टाकलं. याहून मोठं देणं दाखवा.

आणि सिनेमा मौनाची आरती ओवाळतो हेही खरं नाही. सामिया सिद्दीकी ही वकील कोठडीत येते तेव्हा हा माणूस नुसता कैदी नंबर ७८६ आहे. ती त्याला पूर्ण नावानं हाक मारते. इतक्या वर्षांनी ते नाव त्याच्या कानावर पडतं आणि तो पहिल्यांदा बोलतो. कथा तिथून हलते. दिग्दर्शकाला मौनच थोर वाटत असतं तर त्यानं ते मोडण्यावर अर्धा सिनेमा खर्च केला नसता.

डोंबिवली पूर्व

मौन, त्याग, सगळं ठीक आहे. मी वेगळं बोलणार आहे आणि ते काहींना आवडणार नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये जे मारले गेले, त्यांत आमच्या डोंबिवलीचे तिघे होते आणि एक पनवेलचे. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात जी गर्दी लोटली होती तिच्यात मी उभा होतो. घोषणा चालल्या होत्या, पण माझ्या आजूबाजूच्या बायाबापड्यांना शब्द फुटत नव्हता. त्या गर्दीतल्या माणसाला ‘तुमची माणसं आणि आमची माणसं सारखीच’ असं गाण्यांतून ऐकायला बोलावू नका.

सिनेमाबद्दलही माझी तक्रार आहे. वीर आत जातो १९८२ च्या सुमारास आणि सुटतो २००४ मध्ये. मधल्या काळात काय काय झालं? १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले. १९९९ मध्ये कारगिल झालं. नायक हवाई दलाचा माणूस आहे, तरी या बावीस वर्षांतली एकही जखम सिनेमात येत नाही. तुरुंगाबाहेर जणू नुसती मोहरीची शेतं फुलत होती. त्याचं वैयक्तिक दुःख मोठं करायला देशाचं दुःख पुसून टाकलंय. माझा आक्षेप तिथे आहे.

नेरूळवासी

@डोंबिवली पूर्व, दादा, त्या वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. सिनेमाला शुद्ध, निर्मळ विरह हवा होता. त्यासाठी झाराचं मत बाजूला ठेवलं आणि तुम्ही म्हणता तो इतिहासही. पण म्हणून दाखवूच नये, हे मला अजून पटत नाही.

उल्हासनगर कॅम्प ४

घरात सिंधी, शाळा मराठी, त्यामुळे इथे लिहायला हक्कानं येते. आमचं अख्खं शहरच सीमेपलीकडून आलंय. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या लोकांना ठेवलं आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. माझे आजोबा शिकारपूरचे.

आमच्या नात्यात तिकडून लग्न होऊन आलेली वहिनी आहे. तिची प्रेमकथा कशी दिसते सांगू? आधी व्हिसा. तोही देशाचा नाही, ठरावीक शहरांचा. आल्याबरोबर पोलिसांत नोंद. मग दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्याची मुदतवाढ. भारतीयाशी लग्न झालं तरी नागरिकत्वाच्या अर्जाआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. तिकडून आलेल्या हिंदू, शीख अशा अल्पसंख्याकांसाठी २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यात ठाणे होतं, म्हणून दिल्लीची वारी थोडी वाचली. तिच्या कपाटात साड्यांच्या खाली एक निळी प्लास्टिकची फाईल असते. घरात काहीही झालं तरी आधी ती फाईल उचलायची, हे मुलांनासुद्धा पाठ आहे.

पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली, त्या रात्री ती फाईल मांडीवर घेऊन बसली होती. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला धक्का नाही हा खुलासा नंतर आला. तोपर्यंत दोन्ही मुलं तिच्याजवळून हलली नाहीत. डोंबिवलीकर दादा, तिलाही त्या चौघांचं दुःख होतंच. ती इथलीच आहे आता.

म्हणून माझं म्हणणं, सिनेमा जरूर लावा. फक्त शेवटी न्यायाधीश निकाल देतात आणि दोघं वाघा ओलांडून चालत येतात, ते बघताना हे लक्षात ठेवा की खऱ्या जोडप्यांची गाडी तिथे नुसती सुरू होते.

ठाणे कोर्ट नाका

वकिली करतो म्हणून थोडं कायद्याचं. नेरूळवासी ताईंच्या मुद्द्याला यातून बळच मिळेल.

अशा कैद्याची सुटका शेवटी एकाच गोष्टीवर अडते: हा माणूस कोण आणि कुठला. भारत-पाकिस्तानमध्ये २००८ साली करार झाला. त्यानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिनाभरात परत पाठवायचं असं ठरलंय. प्रत्यक्षात काय होतं ते डहाणू-तलासरीच्या घरांत विचारा. २०१४ पर्यंत तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथले तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. शिक्षा महिन्यांची, मुक्काम वर्षांचा. मागे बायको असते. तिच्या प्रेमावर कोणी सिनेमा काढत नाही.

आता वीरकडे बघा. त्यानं खोट्या नावावर सही केली. ‘राजेश राठोड’ नावाचा माणूस भारतात शोधून कोणाला सापडणार? त्याच्यासाठी कोण अर्ज करणार? आपण कोण हे सांगता न आल्यामुळे अडकून पडलेले, मनाचा तोल गेलेले कैदी दोन्ही देशांच्या तुरुंगांत खरोखर आहेत. वीरनं ती अवस्था आपण होऊन पत्करली. पटकथेत यामागची कायद्याची बाजू चोख बसलीये, म्हणून कोर्टातला सगळा झगडा ओळख पटवण्याचा आहे. पण व्यवहारात त्या सहीमुळे घरच्यांच्या हातातला एकुलता एक उपाय गेला.

उलट बाजूही सांगतो. २००८ च्या मार्चमध्ये काश्मीर सिंग नावाचे कैदी ३५ वर्षांनी सुटून वाघ्याला आले आणि परतल्यावर त्यांनी आपण हेरगिरीसाठीच गेलो होतो असं सांगितलं. खरा कैदी प्रत्येक वेळी वीरइतका निष्पाप असेलच असं नाही. तरी ३५ वर्षं ती ३५ वर्षंच.

कळव्याची

@घोडबंदरकर, ‘आजचे निकष १९८२ च्या लाहोरला लावू नका’ हे वाचलं आणि राहवलं नाही. त्याच लाहोरमध्ये १२ फेब्रुवारी १९८३ ला बायका मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. झिया-उल-हक यांच्या राजवटीत साक्षीचा नवा कायदा येऊ घातला होता, त्यात दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरली जाणार होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. अस्मा जहांगीर आणि हिना जिलानी या वकील बहिणी त्याच शहरातल्या.

वीर कोठडीत गप्प बसला होता त्याच सुमाराची ही गोष्ट. ‘त्या काळातल्या बाईला काय झेपलं असतं’ हे परस्पर ठरवायची घाई फक्त पुरुषांना असते. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा झारा भारतातून लाहोरच्या कोर्टात येऊन उभी राहिलीच ना? तीच बावीस वर्षं आधी उभी राहिली असती.

माझ्या लेखी या सिनेमाची खरी नायिका सामिया आहे. पहिलीच केस, समोर कसलेला सरकारी वकील, आणि अशील एक हिंदुस्तानी. वीरची ओळख पटवणारं कोणी मिळेल का हे शोधत ती सीमा ओलांडून त्याच्या गावी जाते आणि तिथे तिला झारा भेटते. तिघांतली तीच एक जण आहे जिनं दुसऱ्याच्या वतीनं गुपचूप निर्णय न घेता आधी जाऊन विचारलं.

पाचपाखाडी

गाण्यांबद्दल कोणी बोलेना म्हणून. मदनमोहन १९७५ मध्ये गेले. त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांचे चिरंजीव संजीव कोहली यांनी जपल्या आणि त्यांवर जावेद अख्तरांनी नवे शब्द लिहिले. लतादीदी तेव्हा ७५ वर्षांच्या होत्या. आवाजात वय जाणवतं, पण मला ते इथे शोभून दिसतं, कारण म्हातारपणी भेटणाऱ्या जोडप्याचीच ही गोष्ट आहे. मदनमोहन यांचं घराणं चकवालचं, यश चोप्रांचा जन्म लाहोरचा. दोन्ही गावं आज पलीकडे. हा सिनेमा त्यांनी परक्या मुलखाबद्दल केलाच नव्हता, हे @डोंबिवली पूर्व यांनी लक्षात घ्यावं अशी विनंती.

डोंबिवली पूर्व

घेतलं लक्षात. यश चोप्रांच्या भावनेवर माझा संशय नाही. पण त्यांचं लाहोर आणि मी त्या मैदानात पाहिलेलं एप्रिल, यात मला माझं बघायला हवं. उल्हासनगरच्या ताईंनी वहिनींबद्दल लिहिलं ते मनाला लागलं. त्यांना तसं जरूर सांगा. नेरूळकरांनो, तुमच्या क्लबहाऊसमध्ये काय लावायचं ते तुम्ही ठरवा. एवढंच करा, ज्यांना यायचं नाही त्यांना ग्रुपवर टोमणे मारू नका. मी तुमच्या सोसायटीत असतो तर आलो नसतो.

नेरूळवासी

हे मी आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकते, तुमची हरकत नसेल तर. महिला मंडळाचं असं ठरतंय की सिनेमा या महिन्यात न लावता पुढे ढकलायचा आणि नंतर तासभर चर्चा ठेवायची. @ठाणे कोर्ट नाका, तुम्ही याल का? खलाशांच्या बायकांबद्दल आमच्या सोसायटीत क्वचितच कोणी ऐकलं असेल.

ठाणे कोर्ट नाका

येईन. शनिवार संध्याकाळ असेल तर नक्की.

घोडबंदरकर

चर्चेला मीही येतो, माझी बाजू मांडायला कोणीतरी हवं. कळव्याच्या ताईंचा १९८३ चा मोर्चा जोरकस आहे, मान्य. पण मोर्चा काढणारी बाई आणि अंथरुणाला खिळलेल्या बापासमोर उभी असलेली मुलगी यांत फरक असतो. झाराला विचारलं असतं आणि तिनं वीरची निवड केली असती, तर बापाच्या जिवाचं ओझं जन्मभर तिच्या डोक्यावर बसलं असतं. वीरनं ते तिच्यावर येऊ दिलं नाही. मी त्याला अन्याय म्हणणार नाही.

कळव्याची

ओझं तिचं होतं ना दादा, मग उचलायचं की नाही तेही तिलाच ठरवू द्यायचं. वीर मेल्याचं ओझं बावीस वर्षं वाहिलंच की तिनं, आणि तेही खोटं. शनिवारी भेटू.