कारागीर फोडतात, कारखानदारांनी आपसात ठरवून घेतलं तर चालतं का?

केळीवाला_सावदा

राम राम मंडळी. सावदा-फैजपूर पट्ट्यात केळी वेफर्सचा छोटा कारखाना आहे. तीन भट्ट्या, हजेरीवर नऊ माणसं (कामावर किती ते विचारू नका). माल बहुतेक वापसीचा, म्हणजे व्यापाऱ्याने प्रतवारीत बाजूला काढलेल्या केळ्यांचा घेतो. चार किलो कच्च्या केळ्यांतून किलोभर वेफर्स निघतात, आणि ते निघणं सगळं भट्टीवरच्या माणसाच्या हातात. तेल तापलं की नाही हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो, किसणी थेट कढईवर धरून चकत्या सोडतो. असा हात तयार व्हायला वर्ष जातं, आणि त्या वर्षाचं करपलेलं सगळं माझ्या खात्यावर.

आता रावेरकडच्या एकाने १,५०० रुपये जास्त देऊन माझा एक कारागीर नेला. दुसराही 'जाऊ का' विचारतोय. त्याच्यावर माझी ४०,००० उचल आहे.

डोक्यात असं आहे की ५०० च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावं, काम सोडल्यावर दोन वर्षं तालुक्यात दुसऱ्या वेफर्सवाल्याकडे जायचं नाही. उचल फिटेपर्यंत तर सोडायचंच नाही. आणि आम्ही पाच-सहा कारखानदार चहाला बसून ठरवू: कोणी कोणाचा माणूस घ्यायचा नाही, कारागिराचा पगार सगळीकडे १४,०००. बसलोच आहोत तर वेफर्सचा ठोक भावही एकच करू, श्रावण आला की जो तो खाली पाडतो. शिकवायचं मी आणि खायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय?

पगारपत्रक_जळगाव

दादा, स्टॅम्पचे ५०० वाचवा. नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नको, एवढं लिहून घेता येतं. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात जायचं नाही, ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ ने रद्दबातल ठरते. दोन वर्षं लिहा नाहीतर दोन महिने, न्यायालयात टिकत नाही.

उचलीचं जास्त गंभीर आहे. पैसे घेतलेत म्हणून माणसाला दुसरीकडे जायची मोकळीक नाही, याला वेठबिगारी म्हणतात. १९७६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते कर्जही बुडीत धरलं जातं. म्हणजे ४०,००० गेले आणि वर पोलीस ठाणं. सरळ वाट अशी: उचल लिहून ठेवा, हप्ता बांधा, पगारातून कापा. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तो गेला तर बाकी रक्कम साध्या येण्यासारखी मागा. माणूस तारण ठेवता येत नाही.

चहाच्या बैठकीबद्दल: ठोक भाव आपसात बांधणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्ये येतं. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यातला जो मोठा तो, आणि संगनमत चाललं त्या प्रत्येक वर्षाचा. सावद्याच्या पाच भट्ट्यांसाठी दिल्लीहून कोणी येईल का, असं तुम्ही म्हणाल. तक्रार करायला तुमचाच सहावा भिडू पुरेसा आहे.

आणि ते हजेरीवरचे नऊ. दहाला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागतं, म्हणून नऊ, हे जळगावात शेंबड्या पोरालाही कळतं. १४,००० पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५ रुपये. कारागिराचे १०५. उकळत्या तेलापाशी काम आहे, एक हात भाजला तर खासगी दवाखान्याचं बिल या हिशेबाला कुठल्या कुठे नेतं. नियुक्तिपत्रही द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत, त्यांत ते सगळ्यांना द्यायचंच आहे.

चटईवाला_एमआयडीसी

कायदा बाजूला ठेवा, तुमची बैठक टिकायचीच नाही. आम्ही चटईवाल्यांनी असे शब्द दिलेत एकमेकांना. मोठी ऑर्डर अंगावर आली की पहिला फुटतो तो ज्याने सगळ्यात मोठ्याने 'ठरलं' म्हटलेलं असतं. आषाढी, श्रावण, नवरात्र, उपवासाचा माल एकदम मागतात. तेव्हा रिकामी भट्टी परवडत नाही, दोन हजार जास्त देऊन माणूस आणणं परवडतं. सगळे भाव धरून बसले असताना एकट्याने मोडलं तर फायदा त्याचाच, हे प्रत्येकाला माहीत असतं.

कागद घ्या. एक कारागीर दिवसाला ६० किलो काढतो धरू. २६ दिवसांचे १,५६० किलो. पगार १,५०० ने वाढवला तर किलोमागे रुपयासुद्धा पडत नाही. आता नवखा बसवा. चारऐवजी सव्वाचार किलो केळी लागली की महिन्याला ३९० किलो जादा. दहा रुपयांनी धरली तरी ३,९००. तेल आणि परत आलेली पाकिटं अजून धरलीच नाहीत. रावेरवाल्याने हाच हिशेब केला, तुम्ही केला नाही, एवढंच.

भट्टीवाला_अमळनेर

मी स्वतः फरसाणाच्या भट्टीवर आठ वर्षं होतो. शेठ, तुम्ही म्हणता शिकवलं. शिकताना मला निम्मा पगार होता, तो कोणी धरत नाही. केळीचा भाव चढला की तुम्ही वेफर्सचा भाव चढवता, मग हाताचा भाव चढला तर चहाची बैठक का? कारागीरले बी पोट शे ना भाऊ.

केळीवाला_सावदा

अमळनेरवाले, लागलं, पण बोललात ते लागण्यासारखंच. तरी शिकवण्याचा खर्च कोणी द्यायचा हे अजून कोणी सांगितलं नाही. आज मी शिकवून तयार करतो, उद्या रावेरवाला घेऊन जातो. मग शिकवायचं कोणी?

पगार वाढवतो. उचलीचा महिना ४,००० हप्ता बांधतो. पण सगळा पगार पक्का नको, थोडा किलोवर ठेवायचाय. मग करपलेला घाणा कोणाच्या हिशेबात?

चटईवाला_एमआयडीसी

शिकवणाऱ्याचं नुकसान खरं आहे, ते नाकारत नाही. म्हणूनच वाढ एकदम देऊ नका. वर्ष पूर्ण केलं की एक टप्पा, दिवाळीनंतर थांबला तर दुसरा. जाणाऱ्याला अडवायचं नाही, राहणाऱ्याला जास्त द्यायचं.

किलोचं असं: किमान वेतनाच्या खाली काही झालं तरी जायचं नाही, तेवढा पगार पक्का. त्यावर चांगल्या मालाच्या किलोला दर. करपलेल्याला दर नाही, पण कापायचंही नाही. आणि केळी आधीच पिकट आली असेल तर तो घाणा त्याच्या नावावर मांडू नका. माल तुम्ही घेता, तो नाही.