तीन दिवसांचं जीवनकौशल्य प्रशिक्षण आणि चौथ्या दिवशीची नववी-ब

नववी ब (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात शाळेनं मला जीवनकौशल्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मलाच का, तर बाकीच्यांकडे दहावी आणि माझ्याकडे नववीचं मराठी. नागपुरात सिव्हिल लाइन्सजवळचा एक हॉल, ऐंशी-नव्वद शिक्षक आणि दोन कूलर. कूलरच्या घरघरीत सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक मागच्या चार रांगांपर्यंत पोचलाच नाही.

पहिल्या दिवशी पडद्यावर जागतिक आरोग्य संघटनेची दहा कौशल्यं आली. स्वतःची जाणीव, समानुभूती (दुसऱ्याच्या जागी जाऊन समजून घेणं), निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संवाद, नातेसंबंध, भावना सांभाळणं, ताण सांभाळणं. डी.एड.ला पाठाचं टाचण काढताना एका रकान्यात गाभाघटक (प्रत्येक पाठातून रुजवायची राष्ट्रीय उद्दिष्टं), दुसऱ्यात मूल्य आणि तिसऱ्यात जीवनकौशल्य लिहायचो, तीच ही यादी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रावर चौघांनी उभं राहायचं आणि कागदाची घडी घालत जायची, हा खेळ. तिसऱ्या दिवशी अभिप्रायाची लिंक आली. चहाआधी भरून टाका म्हणाले. शेवटचं सत्र चहानंतर होतं.

चौथ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मॅडम, आधी म्हणा, कोणाला सांगणार नाही." मी म्हटलं, "नाही सांगत, बोल." कुणीतरी तिचा फोटो वापरून खोटं खातं उघडलं होतं आणि त्यावरून वर्गातल्या मुलांना मेसेज जात होते. माझ्या तोंडून निघालं, "पण तू फोटो टाकलासच कशाला?"

ती "काही नाही मॅडम" म्हणाली आणि गेली. प्रमाणपत्र तेव्हा माझ्या पर्समध्येच होतं.

म्हणून हा धागा. किशोरवयीन मुलांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण शिक्षकांना हवं, विषयाच्या प्रशिक्षणाइतकंच हवं, हे माझं मत पक्कं आहे. पण त्यात दहा कौशल्यांची नावं पाठ करून काय उपयोग? मूल काही सांगायला आलं की पहिली दोन मिनिटं काय बोलायचं आणि काय नाही, याचा सराव हवा. आणि त्यानंतर कुणीतरी वर्गात येऊन आपल्याला बघायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

गणिताचा तास

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

सव्वीस वर्षं झाली शिकवतोय. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक मी टाचणात लिहिले. मग मूल्यशिक्षण आलं, परिपाठात रोज एक मूल्य. मग जीवनकौशल्यं. आता २०२० चं धोरण सांगतं, वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास. समाजात काही बिघडलं की एक परिपत्रक निघतं आणि आमच्या डोक्यावर एक टोपी चढते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि आम्ही यू-डायस, सरल, अपार अशा सरकारी ऑनलाइन नोंदी आणि पोषण आहाराच्या नोंदी करत बसलोय. आता वरून समुपदेशकही व्हा!

सीबीएसईनं २००९ मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं तेव्हा जीवनकौशल्यांना श्रेणी द्यायची होती. माझी बायको तेव्हा तशा शाळेत होती. पन्नास मुलांच्या समानुभूतीवर पन्नास वाक्यं. पहिली दहा तिनं मनापासून लिहिली, पुढची चाळीस त्याच दहांची उलटसुलट. २०१७ मध्ये ती पद्धत गुंडाळली, तेव्हा घरी आम्ही पुरणपोळी केली होती.

मी भूमिती शिकवतो. प्रमेय फळ्यावर असतं आणि पोरगं विचारतं, "सर, हे कशावरून?" याहून वेगळा चिकित्सक विचार तो कोणता? विषय नीट शिकवा, कौशल्य त्यातूनच येतं. उरलेल्यासाठी शाळेला पूर्णवेळ समुपदेशक द्या. तीन दिवसांत शिक्षकाच्या अंगात आत्मविश्वास येतो, पात्रता येत नाही. अर्धा डॉक्टर गावाला भारी.

महालचा वाडा

आमच्या वेळी हे काही नव्हतं आणि आम्ही काही बिघडलो नाही. वाड्यात आजी होती, काकू होती. मोबाईल काढून घ्या, निम्मे प्रश्न संपतील.

निवृत्त अध्यापिका

वाड्यातल्या मुलींना काय काय सोसावं लागलं, ते कधी त्यांना एकटं गाठून विचारा. मी त्यांच्यातलीच. पुढे जाऊ.

मी डी.एड. कॉलेजात शिकवलं, त्यामुळे या दुखण्याचं मूळ मला ठाऊक आहे. राज्यस्तरावर पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. जिल्ह्यात ते तीन दिवसांचं होतं, तालुक्यात दोन, आणि शाळेत परत गेलेल्या शिक्षकानं बाकीच्यांना शनिवारी अर्ध्या तासात 'उद्बोधन' करायचं. दूध एकच, प्रत्येक घरी थोडं पाणी. शेवटच्या कपात जे येतं त्याला तुम्ही प्रशिक्षण म्हणता आणि मग प्रशिक्षण निरुपयोगी म्हणता.

शिक्षक प्रशिक्षणावर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास जे मांडलं ते अजून आपल्या गळी उतरलेलं नाही. नुसतं सांगून भागत नाही. करून दाखवावं लागतं, करवून घ्यावं लागतं, आणि नंतर वर्गात सोबतीला कुणी असावं लागतं. ही सोबत नसली की हॉलमध्ये शिकलेलं हॉलमध्येच राहतं. नववी ब, तुम्ही तेच अनुभवलंत.

गणिताचा तास, तुम्हाला एक इतिहास सांगते. २००५ साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या नावानं गदारोळ झाला आणि आपल्या राज्यानं तो रोखला. २०२० साली आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. शाळेतून दोन शिक्षक, एक बाई आणि एक पुरुष, ११ विषय, आठवड्याला एक तास. म्हणजे तुम्ही म्हणता तशी रोज नवी टोपी नाही, एकच टोपी दर पंधरा वर्षांनी धुऊन परत येते. कुणी ती धड घातलीच नाही, तर बसते की नाही हे कळणार कसं?

रामटेक लाईन

राजेहो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहो. सहावी ते आठवी, तीन मास्तर, तिन्ही बाप्ये. त्या कार्यक्रमाची बाई मी कुठून आणू? कागदावर आमच्याकडं पोट्टे-पोट्टींच्या समानतेसाठीचा मीना राजू मंच हाय, फोटो पन हायेत.

पन मले दुसरंच सांगायचं होतं. धानाच्या रोवन्याच्या टायमाले अर्धा वर्ग वावरात असते. मागच्या साली आठवीतली एक पोट्टी दहा बायांच्या मजुरीचा हिशोब ठेवत होती. कोन किती दिवस आली, कोनाचा आधा दिवस, कोनाची उचल किती. ठेकेदारानं दोनशे रुपये कमी देले, तर तिनं वही उघडून त्याच्या समोर धरली. बायांचे पैसे सुटले. तीच पोट्टी शाळेत फळ्याजवळ उभी राहिली का थरथर कापते.

आता प्रशिक्षणात मले म्हन्तात, मुलांमध्ये संवादकौशल्य रुजवा. अरे, थे रुजूनच आलं हाय बाप्पा! माह्या वर्गात ते काहून बंद होते, हे मले शिकवा ना. माह्या आवाजात काही हाय का? मी मान वर न करता 'पुढचा' म्हन्तो म्हनून होते का? असं प्रशिक्षण असन तर मी रामटेकहून दररोज येतो, गाडीभाडं नका देऊ.

नंदनवनचा बाप

माझा मुलगा अकरावीत. नाव एका कॉलेजात, अंगानं दिवसभर नीटच्या क्लासमध्ये. जीवशास्त्रात मेंदूचे सगळे भाग तोंडपाठ. परवा गॅस सिलिंडर आलं तर ओटीपी सांगायला तो दाराशी जाईना, बहिणीला पाठवलं. हे त्याला शिकवण्यासाठी मी शाळेला फी द्यायची की बायकोनं मला रागवायचं, ते ठरवतोय. माझं मत महालच्या वाड्याच्या विरुद्ध आणि गणिताच्या तासाच्याही विरुद्ध. एवढंच.

कोपऱ्यातला बाक

इथे सगळे शिक्षक-पालक दिसतायत. मी दोन वर्षांपूर्वी बारावी केली, म्हणजे ज्यांच्यावर हे प्रयोग होतात त्यांच्यापैकी.

आम्हाला जीवनकौशल्याचा तास होता. चित्र काढा, 'माझी बलस्थाने' लिहा. सगळ्यांनी 'मी प्रामाणिक आहे' लिहिलं, एकमेकांचं बघून.

माझा चुलतभाऊ झोपडपट्टी फुटबॉलमध्ये खेळायचा. विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली आणि २००१ च्या सुमारास त्यांनी हे सुरू केलं, ही गोष्ट नागपुरात बहुतेकांना माहीत आहे. भाऊ सांगायचा, खेळ मध्येच थांबवतात. "आत्ता तू त्याला ढकललंस. का?" पाच मिनिटं गोल करून त्यावरच बोलायचं, मग पुन्हा बॉल. तो आधी हात उचलायचा, नंतर पंचाशी वाद घालायला लागला. मला तर ही प्रगती वाटते. 'राग व्यवस्थापन' हा शब्द त्याला आजही माहीत नाही.

गणित सरांना माझा एकच आक्षेप आहे. तुमच्या वर्गात 'कशावरून' विचारणारी पोरं किती? आमच्या वर्गात दोन होती. बाकी आम्ही छप्पन्न जण ती विचारायची वाट बघायचो.

गणिताचा तास

छप्पन्नचं लागलं. कबूल.

पण बारसे सरांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, बघा. त्यांनी फुटबॉल शिकवला, त्यातून बाकीचं आलं. आपल्या शेजारीच वर्ध्याला १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती याच पायावर. हाताला काम द्या, त्यातूनच गणित, भाषा, वागणं. जीवनाची वेगळी तासिका त्यांनी लावली नाही.

निवृत्त अध्यापिका

नाही लावली. पण नई तालीमच्या शिक्षकाला सेवाग्रामला राहावं लागे. सूत कातायचं, शेतात राबायचं, संडास साफ करायचे, मुलांबरोबर जेवायचं. लिंक भरून चहाला सुटी नव्हती. सोयीचं तेवढं अर्धं घेऊ नका, सर.

नववी ब

सगळ्यांचं वाचलं. रामटेक लाईन, तुमची वहीवाली मुलगी डोक्यातून जात नाही.

गणिताचा तास, समुपदेशक हवा, हे शंभर टक्के मान्य. पण मूल अपॉइंटमेंट घेऊन येत नाही हो. ते मधल्या सुट्टीत, ज्याचा चेहरा त्या दिवशी बरा दिसला त्याच्यापाशी येतं. तो चेहरा तुमचाही असू शकतो. आणि त्या क्षणी 'मी भूमितीचा' म्हणून सुटका नाही. प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही, नंतर मी स्वतः वाचलं: बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली तर ती पोलिसांकडे देणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. शिक्षक कोणत्या विषयाचा, हे कायदा विचारत नाही. म्हणजे 'कोणाला सांगणार नाही' हे वचन देण्याचा मला अधिकारच नव्हता. म्हणायला हवं होतं, "तू सांगितलंस ते बरं केलंस. मला कोणाची मदत घ्यावी लागली तर आधी तुला सांगेन." दोन वाक्यं. तीन दिवसांत या दोन वाक्यांना जागा नव्हती, वर्तमानपत्राच्या घडीला होती. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८, मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हे नंबरही कुणी फळ्यावर लिहिले नाहीत. २०२२ च्या शासन निर्णयानं शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. आमच्याकडे तिची यादी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली सापडली.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ती आमच्या शिपाई मावशींकडे गेली. मावशींनी तिला पाण्याचा ग्लास दिला, पूर्ण ऐकून घेतलं आणि हात धरून मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये नेलं. आईवडिलांना बोलावलं, सायबर पोलिसांकडे तक्रार झाली, खातं बंद झालं. मुलगी शाळेत येते. माझ्या तासाला खाली बघते.

गणिताचा तास

बघा! मावशींना कोणी प्रशिक्षण दिलं?

नववी ब

तीन मुली वाढवल्या, त्यांतल्या एकीचं लग्न मोडून घरी आणली, वीस वर्षं त्या दारात बसून पोरांचे चेहरे बघितले. द्या मला तेवढं, मी घेते.

रामटेक लाईन

मावशीलेच साधनव्यक्ती करा न मंग. मानधनही देजा.

गणिताचा तास

विनोद सोडा, हे मला चालेल. मावशी समोर बसून सांगणार असतील तर मीही येईन.

माझं मत बदललेलं नाही. तासिका वेगळी नको आणि समुपदेशक हवाच. पण कलम १९ चं मला खरंच माहीत नव्हतं. चार-पाच वर्षांपूर्वी एक मुलगा असाच आला होता. मी त्याला दोन उदाहरणं जास्तीची सोडवायला दिली, मन रमेल म्हणून. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेला. तो काय सांगायला आला होता, ते मी त्याला विचारलंच नाही.

तर ती पहिली दोन मिनिटं. त्याचा सराव करायचा कसा? आमची शाळा शनिवारी साडेदहाला सुटते. तुम्ही मेडिकल चौकाकडे असाल तर येऊन दाखवा. मी मुलाचं काम करतो, तुम्ही शिक्षक व्हा.

नववी ब

शनिवारी जमेल. मावशींनाही विचारते. पण मुलीचं काम मी करणार. शिक्षक तुम्ही.