हेलियम हायड्राइड आयन आठवीच्या मुलांना कसा समजावावा?

प्रश्न:
निष्क्रिय वायू सहसा संयुगे बनवत नाहीत, असे शिकवल्यानंतर एका विद्यार्थिनीने हेलियम हायड्राइड आयनाविषयी विचारले. इलेक्ट्रॉनच्या कवचांपलीकडे काही न शिकलेल्या मुलांना तो कसा समजावून सांगावा?

उत्तर १:
इलेक्ट्रॉन मोजण्यापासून सुरुवात करावी. हायड्रोजनच्या अणूतला एकमेव इलेक्ट्रॉन निघून गेला की केवळ प्रोटॉन उरतो आणि त्याचा धनप्रभार हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढतो. त्यामुळे दोन केंद्रके आणि दोन सामाईक इलेक्ट्रॉन अशी, हायड्रोजनच्या रेणूसारखीच रचना तयार होते, फक्त तिच्यावर एक धनप्रभार उरतो.

उत्तर २:
वरील मांडणी उत्तम आहे. मात्र हा आयन आपोआप मोडतो, असे मुलांना सांगू नये. निर्वात पोकळीत एकटा असताना तो टिकून राहतो. पण पाण्याचा किंवा जवळपास कोणताही रेणू भेटला की प्रोटॉन त्याच्याकडे जातो, कारण हेलियमची प्रोटॉनवरील पकड अतिशय दुबळी असते. म्हणूनच तो बाटलीत साठवता येत नाही आणि ज्ञात आम्लांत सर्वांत तीव्र मानला जातो. मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर ३:
अवकाशातील शोधाविषयीही अवश्य सांगावे. प्रयोगशाळेत तो १९२५ मध्येच मिळाला होता आणि विश्वातील पहिला रासायनिक बंध त्याच्यातच जुळला असे मानले जाते. तरीही एनजीसी ७०२७ या तेजोमेघात तो सापडल्याचे, ‘सोफिया’ या विमानातील दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून, २०१९ मध्ये जाहीर झाले.